एकोणीस दिवसांची हवा

वडिलांचा घोटा मोडला त्या सकाळी आकाशाच्या आठांपैकी तीन भागांत ढग होते, वारा ईशान्येचा होता आणि पाऊस शून्य. हे सर्व वहीत नोंदलेले आहे; कारण शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून कोसळल्यानंतर रुग्णवाहिका येईपर्यंत जी वीस मिनिटे मिळाली, तेवढ्यात त्यांनी ते खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीकडून लिहून घेतले. ती बिचारी हातात कात्री तशीच घेऊन धावत वर आली होती. "काका, पाय बघा आधी, पाय!" असे ती ओरडत होती आणि काका सज्जात आडवे पडून म्हणत होते, "पाय कुठे जात नाही. ढग जातात. लिही."

लेक दुसऱ्या दिवशी येऊन पोहोचली आणि हे वाक्य तिला दारातच ऐकायला मिळाले. तिला हसू आले नाही. राग आला, आणि तिचा राग तापणारा नव्हता. तो थंड असे, नीट घडी घातलेला, संदर्भसूचीसह.

एक्क्याऐंशी वर्षांच्या या माणसाने एकावन्न वर्षे रोज सकाळी आठ वाजता हवेची नोंद घेतली होती. त्यांतली शेवटची नऊ वर्षे ती कोणीही मागितली नव्हती. हवामान कार्यालयाने दुसरीकडे कुठेतरी आपोआप मोजणारे यंत्र बसवले, हे केंद्र बंद केले, आणि जुनी उपकरणे उचलून नेण्याचा उत्साह कोणातच नसल्याने ती वडिलांच्या गच्चीवर राहून गेली: झडपांची पांढरी लाकडी पेटी, तिच्यात शेजारीशेजारी दोन तापमापक, एक कोरडा आणि एक टोकाला ओली मलमल गुंडाळलेला, बाजूला पावसाचे नरसाळे, वर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण. गच्चीला जिना नव्हता. मागच्या सज्जातून भिंतीला ठोकलेली उभी लोखंडी शिडी होती. चौदा पायऱ्या, फुटाला एक.

"हे आता बंद," लेक म्हणाली.

"काय बंद?"

"शिडी."

"शिडी बंद होत नाही. दार बंद होतं."

"बाबा, शब्दांचे खेळ माझ्याशी नकोत. तो माझा धंदा आहे."

"म्हणूनच म्हटलं, घरच्या घरी सराव होईल."

"सहा आठवडे प्लास्टर आहे तुमच्या पायाला."

"पायाला आहे. हात मोकळे आहेत. लोंबकळत जाईन."

आणि ते गेले असते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभाला अजून काडीही लागली नव्हती. याच गृहस्थांनी एकदा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या कपड्यांत चालत घर गाठले होते, कारण तिथली खिडकी पूर्वेला उघडत नव्हती. आपल्याकडे राहायला या, असे लेक अकरा वर्षे सांगत होती आणि अकरा वर्षे एकच उत्तर मिळत होते: "तुझ्या गावात आकाश कितव्या मजल्यावर आहे?" मुलांनी वडिलांची आज्ञा पाळल्याच्या कथांनी सगळे वाङ्मय भरलेले आहे. वडिलांनी मुलीचे ऐकले अशी एकही कथा तिला आठवत नव्हती, आणि तिची स्मरणशक्ती चांगली होती.

तेव्हा तिने तडजोड केली. "मी घेते नोंद. प्लास्टर निघेपर्यंत. तुम्ही शिडीला हात लावायचा नाही."

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. जात ठरत नसलेल्या ढगाकडे पाहावे तसे पाहिले. "जमेल?"

"सातशे वर्षांपूर्वीची अक्षरं वाचते मी. तापमापक वाचता येईल."

"अक्षरं जागची हलत नाहीत, पंडितीणबाई," ते म्हणाले. पण वही त्यांनी दिली.

पंडितीणबाई हे नाव तिला सातव्या वर्षी मिळाले आणि पुढे तिने ते खरे करून दाखवले. ती जुन्या हस्तलिखितांची संपादक होती. एकाच ग्रंथाच्या दहा नकला समोर ठेवायच्या, कोणत्या नकलनविसाने कुठे डुलकी घेतली, कुठे शहाणपणा केला, कुठे पदरची ओळ घातली ते शोधायचे, आणि मूळ पाठ हुडकून काढायचा, हे तिचे काम. एका नामवंत मुत्सद्द्याची गाजलेली रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी कोणीतरी बसून रचली आहे, हे तिने तीनशे पानांत सिद्ध केले होते. पुरावा साधा होता. त्या रोजनिशीत एकही दिवस कंटाळवाणा नव्हता. खरा माणूस कंटाळतो, तेच ते लिहितो, "आज विशेष काही नाही" असे ओळीने चार दिवस लिहितो. बनावट करणाऱ्याला तेवढा धीर नसतो. त्या ग्रंथानंतर तिचे दोन सहकारी तिच्याशी कायमचे बोलायचे थांबले. तिने ते पुस्तकाचे यश मानले.

पहिल्या सकाळी आठला पाच कमी असताना ती सज्जात गेली, शिडीला हात घातला आणि चौथ्या पायरीवर तिचे पाय गेले. म्हणजे होते तिथेच होते, फक्त तिचे राहिले नव्हते. खालची फरशी मंदपणे, जणू झोपेत कूस वळावी तशी, एका अंगावर कलली. तिने लोखंडाला गाल टेकवला. गाल गार पडला आणि त्यावर गंजाचा वास उमटला. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकेक पाय चाचपत ती उतरली आणि भिंतीच्या आड, वडिलांच्या खिडकीतून दिसणार नाही अशा जागी, उभी राहिली. उंचीची ही भीती तिने छप्पन्न वर्षे कोणाला कळू दिली नव्हती. ग्रंथालयांतल्या शिड्यांवरून पुस्तके काढून द्यायला तिथे माणसे असतात.

आतून हाक आली, "किती?"

आता खरे सांगितले तर ते स्वतः चढणार. तिने डोळे मिटले.

"कोरडा अकरा पॉइंट चार," ती म्हणाली. "ओला नऊ पॉइंट सात."

"लिही."

तिने लिहिले. इतके सोपे होते.

पुढचे दिवस एकमेकांत विरघळत गेले. रोज सकाळी ती सात मिनिटे त्या भिंतीआड उभी राही. खालून शिवणयंत्राची टकटक येई, थांबे, पुन्हा येई. पलीकडच्या छपरांवरून वाफ उठे. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत टाकताना एकेक कपडा आधी उजेडाकडे धरून बघे, जणू त्यातून पलीकडचा दिवस दिसतो. त्या सात मिनिटांत ती हवा रचत असे. आणि रचता रचता, हे कबूल करताना तिला स्वतःचीच लाज वाटली, तिला त्यात गोडी वाटू लागली. काल बारा होते, आज साडेबारा नको, बारा पॉइंट नऊ. वारा थोडा फिरवावा. ढगांचे पाच भाग, वर अगदी विरळ पिसासारखे. रात्री स्वप्नात तीच शिडी येई, पण तिला पायऱ्यांऐवजी वडिलांच्या वहीतल्या रेघा असत, आणि ती हलकी होऊन एकेक रेघ ओलांडत वर जाई. वर गच्ची नसे. नुसता पांढरा कागद असे, दूरवर पसरलेला, आणि त्यावर चालताना पाय उमटत नसत.

दरम्यान धाकट्या भावाचा फोन आला. तो फार लांब राहत असे आणि अंतर वाढेल तसा त्याचा सल्ला ठाम होत असे.

"ताई, ती शिडी कापून टाक ना सरळ. लोहार बोलाव."

"तू ये आणि काप."

"मी इतक्या लांबून कसा..."

"बरोबर आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट लांबच लागतो."

"तू ना, अगदी त्यांच्यावर गेलीयेस," भाऊ म्हणाला आणि फोन ठेवला. एवढा अपमान तिचा दोन्ही सहकाऱ्यांनी मिळूनही केला नव्हता.

पण तिने हातही बांधून ठेवले नव्हते. वडिलांना न सांगता तिने हवामान कार्यालयाला पत्र टाकले: आपली उपकरणे आमच्या गच्चीवर आहेत, ती कृपया घेऊन जावीत. नरसाळे आणि पेटीच गेली तर शिडी चढायला निमित्त उरणार नाही, असा हिशेब. सोळाव्या दिवशी उत्तर आले. दोनच ओळी होत्या. आपण म्हणता असे कोणतेही केंद्र आमच्या यादीत नाही. सबब आपल्याकडे आमची कोणतीही उपकरणे असू शकत नाहीत. तिने ते पत्र दोनदा वाचले आणि एका क्षणी त्याच्या निर्दोष रचनेला दाद दिली. मग घडी घालून पुस्तकात ठेवले. हा हुकुमाचा पत्ता होता. प्लास्टर निघेल त्या दिवशी टाकायचा.

एकोणिसाव्या सकाळी धुके उतरले. असे धुके तिने त्या गावात पाहिले नव्हते. सज्जाचा कठडा अर्ध्यावर संपत होता, शिवणयंत्राचा आवाज कुठून येतो ते कळत नव्हते, हवेतच कोणीतरी शिवत बसले असावे. शिडीच्या चार पायऱ्या दिसत होत्या आणि पाचवी जवळपास. ती आपल्या जागी उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा आकडा सुचेना. कोरडा दहा पॉइंट दोन. ओला? मनात पहिल्याने दहा पॉइंट दोनच आले. पण तिच्या शास्त्रात लागोपाठच्या दोन ओळी अक्षरशः सारख्या आल्या की संपादक सावध होतो: नकलनविसाचा डोळा घसरला, त्याने एकच ओळ दोनदा उतरवली. तिने सवयीने दुरुस्ती केली.

"ओला नऊ पॉइंट एक," ती म्हणाली.

आतून "लिही" आले नाही.

ती खोलीत गेली. वडील पलंगावर उशीला टेकून बसले होते, प्लास्टरचा पाय स्टुलावर, मांडीवर वही, आजचे आकडे त्यांनीच उतरवलेले, कानामागे लाल पेन्सिल. खिडकी उघडी होती आणि धुके बिनदिक्कत आत येऊन खोलीत उभे होते.

"बस," ते म्हणाले. "धुक्यात दोन्ही सारखे असतात."

"काय?"

"कोरडा आणि ओला. हवा पाण्यानं भरलेली असली की मलमलीतलं पाणी वाळेल कसं? दोन्ही पारे एकाच रेघेवर. एकावन्न वर्षांत असं धुकं उतरलं आणि ते वेगळे निघाले, असं एकदाही झालेलं नाही." त्यांनी वही तिच्याकडे फिरवली. "आणि हे बघ. एकोणीस दिवस. ओळीने दोन दिवस एकच आकडा एकदाही नाही. पॉइंटनंतर शून्य एकदाही नाही. रोज काहीतरी नवीन. हवा अशी वागत नाही, बाई. हवा फार कंटाळवाणी असते."

तिच्याच पुस्तकातले, पान एकशे बारा.

"कधी कळलं?"

"पाचव्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, पंडितीण आहे. आपणहून दुरुस्त करेल." त्यांनी खिडकीतून सज्जाकडे पाहिले. "कितव्या पायरीवर?"

"चौथ्या," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःला सातव्या वर्षाचा वाटला, आणि त्याचाच तिला संताप आला. तिने आपल्या खोलीतल्या पुस्तकातून पत्र काढून आणले आणि वहीवर ठेवले. "हे वाचा. तुम्ही कोणाच्या यादीतच नाही. नऊ वर्षं तुम्ही ज्यांच्यासाठी चढताय, त्यांच्या लेखी तुम्ही नाही, पेटी नाही, काही नाही. ज्याची नोंद नाही त्या नोंदीसाठी माणूस पाय मोडून घेतो?"

वडिलांनी पत्र वाचले, घडी पूर्ववत घातली आणि उशाच्या खणातून दुसरे काढून तिच्या हातात दिले. कागद पिवळा पडला होता. मजकूर तोच, दोनच ओळी. तारीख सात वर्षांपूर्वीची.

"तुला आलेल्या पत्रापेक्षा मला आलेल्याची भाषा बरी होती," ते म्हणाले. "आता लेखनिकही पूर्वीचे राहिले नाहीत."

"मग का?"

"यादीतून नाव काढलं म्हणून पाऊस पडायचा थांबला का?"

वडिलांनी पेन्सिल काढली आणि पट्टी धरून, हात जराही न कापता, एकोणीस ओळींवर एक लाल रेघ मारली. समासात लिहिले: नोंद नाही. मग वही मिटली.

"उद्यापासून मी जातो."

"बाबा..."

"ठरलं."

ही तीन अक्षरे तिने लहानपणापासून ऐकली होती. त्यांच्यापुढे आई थकली होती, कार्यालय थकले होते, मृत्यूही एकदा हर्नियाच्या वेळी येऊन गेला होता. शिवणवालीने संध्याकाळी विचारले, "काय हो ताई, तोंड एवढंसं?" तर लेक म्हणाली, "उद्या सकाळी सज्जाखाली एखादी गादी टाकून ठेवा." शिवणवालीला तो विनोद वाटला.

सकाळी तिला जाग आली ती लोखंडाच्या आवाजाने. घड्याळात आठला दहा कमी. धुके कालच्याहून दाट होते. खोली ओलांडताना ती दुधातून चालल्यासारखी चालली. सज्जात वडील शिडीपाशी उभे होते. प्लास्टरवर पिशवी चढवून दोरी बांधली होती, चांगला पाय पहिल्या पायरीवर होता, दोन्ही हात वरच्या लोखंडावर, वही आणि पट्टी कमरेला खोचलेली. खाली कुठेतरी, अदृश्यातून, शिवणवाली ओरडत होती, "अहो काका, लाज वाटू द्या वयाची! मी पुन्हा लिहून घ्यायला येणार नाही हं!"

"उतरा," लेक म्हणाली.

"आठ वाजतायत."

"उतरा, बाबा."

"तू चढणार आहेस?"

तिने वर पाहिले. चार पायऱ्या होत्या आणि नंतर पांढरेपणा. खाली पाहिले. कठड्यापलीकडे ना अंगण होते, ना रस्ता, ना दुसऱ्या घराची भिंत. पडायला जागाच शिल्लक नव्हती. आणि समोर हा म्हातारा, ज्याचे मनगट लोखंडावर थरथरत होते. वहीवर ते थरथरत नसे.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

ते झाले. एका पायावर उड्या मारत, भिंतीला धरून, आणि चेहऱ्यावर एक अत्यंत अशोभनीय समाधान घेऊन.

चौथ्या पायरीवर पाय पुन्हा जाऊ लागले. "खाली बघू नकोस," आवाज आला. "बघण्यासारखं काही नाही. मीच आहे." पाचवी. सहावी. लोखंड ओले होते. "डावा हात आधी. सुटला म्हणून घाबरायचं नाही, उजवा असतो." नववीनंतर तिला कळेना की आपण चढतो आहोत की तिथेच तरंगतो आहोत, चहूबाजूंनी तोच पांढरा कागद, स्वप्नातला, फक्त या वेळी बोटे गार पडली होती आणि गुडघा खरचटला होता. मग हाताला शिडी लागायची थांबली आणि गच्चीची कडा लागली. ती रांगत वर गेली. रांगतच पेटीपर्यंत. झडप उघडली.

दोन पारे, एका रेघेवर.

"नऊ पॉइंट आठ!" ती ओरडली. "दोन्ही! बाबा, दोन्ही सारखे!"

"ओरडू नकोस, पारा चढेल. नरसाळं?"

"शून्य."

"बाण?"

"हलत नाही."

"आता दृष्टी, कुठवर पोहोचते ती. पाण्याची टाकी दिसते का?"

"नाही."

"मनोऱ्याचं घड्याळ?"

"नाही."

"समोरच्या बाईची दोरी?"

"काही नाही."

"मी?"

तिने पेटीची झडप लावली.

"मी दिसतो का?"

"बघितलं नाही."

"न बघता लिहायची खोड गेली नाही तुझी," आवाज म्हणाला.

ती पोटावर सरकत कडेपर्यंत आली. दोन्ही हातांनी कडा धरली. डोळे मिटलेले होते. ते तिने एकेक करून उघडले. खाली धुके संथ हलत होते आणि त्यात, खूप खोल पाण्यात एखादी वाटी बुडालेली असावी तसे, एक टक्कल होते. ते वर वळले आणि त्याला चेहरा आला. इतक्या वरून ती वडिलांना आयुष्यात प्रथमच पाहत होती. ते फार छोटे होते.

"दिसता," ती म्हणाली.

"कसा?"

"पुसट."

"किती अंतर?"

"चौदा फूट."

खाली पानांची सळसळ झाली. "एवढं कमी तक्त्यात नाही. रकानाच नाही त्याला."

"मग आखा."

मग पट्टी वहीवर ठेवल्याचा हलका आवाज, आणि पेन्सिलीचा.

"झालं. ये आता खाली."

"तुम्ही आधी आत जाऊन बसा. एका पायावर उभे आहात."

"तू उतरल्याशिवाय मी हलणार नाही."

"तुम्ही बसल्याशिवाय मी उतरणार नाही."

"शिडी कोण धरणार?"

"ती भिंतीला ठोकलेली आहे, बाबा."

"ठरलं म्हणजे ठरलं."

"माझंही ठरलंय."

अदृश्यातून शिवणवालीचा सुस्कारा आला. "दोघंही राहा मग तिथेच. मी आपली शिवायला बसते."

कोणीच हलले नाही. लेक कडेला हनुवटी टेकवून पडून राहिली. खालचा चेहरा वर पाहत राहिला. पूर्वेकडे कुठेतरी पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळू लागला होता, आणि हळूहळू, एकेक करून, पायऱ्या परत येत होत्या. तेरावी नीट दिसली. बारावी. तिने त्या मोजायला सुरुवात केली, कारण उद्याही त्या लागणार होत्या.